उंच ठेवलेली दाढ

रविवार, १७ तारीख
सकाळ, दुसरा चहा

लाडक्या भिंगरीस,

मावशीचे पोटभर आशीर्वाद आणि एक चापटी. गेल्या आठवड्यात ताप होता आणि तू फोनवर चकार शब्द काढला नाहीस. तुझ्या खोलीवरच्या मैत्रिणीनं सांगितलं. ती मुलगी माझी हेर आहे, हे लक्षात ठेवून वाग. आता बरं वाटतंय ना? औषधं पूर्ण घे. अर्धी घेऊन उरलेली ठेवून द्यायची तुझी खोड मला माहीत आहे.

इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला. नळवाला तीन खेपा आला, तिन्ही वेळा चहा प्यायला आणि शेवटी मलाच म्हणतो, "बाई, नळ चांगला आहे, तुम्ही घट्ट बंद करत नाही." मी त्याला घट्ट म्हणजे काय ते करून दाखवलं. आयुष्यभर कवळ्यांच्या साच्यांचं प्लास्टर फोडणारे हात हे, नळाचा कान उपटून हातात आला. मग गुपचूप नवा बसवून गेला. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई निवृत्त झाल्या आणि आता जिन्यात सापडेल त्याला शिकवतात. तुझ्या खोलीचा पडदा धुतला तो आटला. खिडकीला अर्धी चड्डी घातल्यासारखं दिसतं. तू येऊन हसावंस म्हणून अजून काढलेला नाही.

झालं, बातम्या संपल्या. बघ, किती लवकर संपल्या.

तू रोज फोनवर विचारतेस, "मावशी, सही केलीस का?" आणि मी रोज नळाचं पुराण लावते. तू काही दूधखुळी नाहीस, काहीतरी बिनसलंय हे तुला केव्हाच कळलं असणार. म्हणून हे पत्र. फोनवर माझा आवाज जरा जड झाला की तू घाईघाईनं "बरं बरं, नंतर बोलू" म्हणतेस, आणि ते नंतर काही येत नाही. कागद मला मध्येच तोडत नाही.

सुनावणी येत्या शुक्रवारी आहे. त्याची फाशी कायम ठेवायची की जन्मठेप करायची, हे ठरवण्याआधी दयेच्या अर्जाची समिती मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांना विचारणार. औषधाच्या दुकानाचे मालक तुझ्या आईबरोबरच मारले गेले, त्यांची मुलं परदेशी. आपल्या वडिलांबद्दल त्यांनी कळवून टाकलंय की आम्हाला यात आता पडायचं नाही. तुझे बाबा आज असते तर ते बोलले असते. म्हणजे उरलो आपण दोघी, काउंटरवर मारल्या गेलेल्या बाईची मुलगी आणि बहीण. तू निवेदन लिहून पाठवलंस, फाशीच कायम ठेवा म्हणून, आणि खाली आपल्या दोघींच्या नावांसाठी जागा सोडलीस. तुझी सही ठसठशीत आहे, अगदी तुझ्या आईसारखी शेवटी शेपूट ओढलेली.

फार चांगलं लिहिलंयस गं. त्यानं दुकानात नोकरी करताना औषधं चोरली, तुझ्या आईनं ते पकडलं, त्याला काढून टाकलं, आणि तो चाकू घेऊन दुकान बंद व्हायच्या वेळेला परत आला. हे सगळं जसं घडलं तसं, एकही विशेषण न लावता. आणि ते एक वाक्य, "आईनं आधी आत बसलेल्या आजारी गिऱ्हाइकाला मागच्या दारानं बाहेर काढलं, मग ती मालकांना वाचवायला वळली." ते वाचून मी भांडी तशीच टाकून खुर्चीत बसले. त्यातला एकही शब्द मला खोटा किंवा जास्तीचा वाटत नाही.

तरी सही झालेली नाही. का, ते सांगते. पण माझ्या पद्धतीनं. आधी काम, मग रडगाणं.

आम्ही कवळ्या करतो तिथे तुरुंगातलंही काम येतं, हे तुला माहीत आहे. दाताच्या डॉक्टरीणबाई दर बुधवारी तुरुंगाच्या दवाखान्यात जातात, कैद्यांच्या तोंडाची मापं घेतात, आम्ही त्यावरून प्लास्टरचे साचे करतो आणि दात बसवतो. मध्यंतरी असाच एक डबा आला. वरचं माप आणि खालचं माप, एकही दात शिल्लक नसलेलं. चिठ्ठीवर त्याचं नाव होतं. वडिलांच्या नावासकट पूर्ण, जसं कोर्टात पुकारायचे तसं. जे नाव आपण घरात कधी घेतलं नाही. आपल्यात तो म्हणजे तोच.

समोरच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे मी ते सरकवलं असतं तर त्यानं का म्हणूनही विचारलं नसतं. तसंच करायला हवं होतं. मी नाही केलं. साचा मीच भरला, मीच सोडवला आणि टेबलावर ठेवून बघत बसले. इतकी वर्षं कोर्टात मी त्याची पाठ बघितली होती गं. आता त्याचं तोंड माझ्यासमोर होतं, उघडं आणि बोळकं. मी पाहिजे ते करू शकत होते.

पहिला विचार आला तो तुलाही आला असता. ज्याला फासावर चढवायचं त्याला कवळी कशाला? हेच मी डॉक्टरीणबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, कुणाबद्दल ते न सांगता. त्या म्हणाल्या, "तो आज जेवतो ना? मग आज दात हवेत." त्यांचं सगळं असं आखूड असतं.

दुसरा विचार मात्र माझा एकटीचा. खालची एक दाढ केसभर उंच ठेवायची. बाहेरून काही दिसत नाही. पण तोंड मिटलं की आधी ती एकटीच टेकते आणि सगळा भार तिच्यावर येतो. हिरडी सोलून निघते. प्रत्येक घासाला डोळ्यांत पाणी. पुढे पुढे माणूस जेवणाचं नाव काढलं की घाबरतो. आमच्याकडे नवीन माणसाला पहिल्यांदा हेच शिकवतात, की असं होऊ द्यायचं नाही. मी ते मुद्दाम केलं. रागाच्या भरात वगैरे नाही. चष्मा लावला, दिवा जवळ ओढला, मेण तापवलं, दाढ उंच बसवली आणि जबड्यासारखी उघडमीट करणाऱ्या बिजागरीवर दोन्ही साचे मिटवून खात्री करून घेतली. मग हात धुऊन डबा खाल्ला. जेवण छान लागलं, हेही लिहून टाकते, म्हणजे पुढे मला चांगलं म्हणायची तुला सोय राहणार नाही.

पण कवळी पक्की करायच्या आधी मेणातले दात तोंडात बसवून बघतात. ही गोष्ट मी विसरले असं नाही. मला वाटलं, बाई घाईत असतात, चालून जाईल. त्या कसल्या चालवून घेतात! संध्याकाळी त्यांचा फोन. "तुमचं काम असं कधी येत नाही. माझ्या मापातच काहीतरी चुकलंय. पुढच्या बुधवारी तुम्हीच चला बरोबर, तिथल्या तिथे दुरुस्त करू." आता काय सांगणार? नाही म्हणायला तोंड कुठे होतं? माझ्याच करणीनं मी मला तुरुंगात नेलं.

फाटकावर पहारेकऱ्यानं पिशवीतली हत्यारं एकेक काढून टेबलावर मांडली. मेण कापायची माझी छोटी सुरी उलटसुलट करत म्हणाला, "हिला धार आहे का, बाई?" मी म्हटलं, "मेणापुरती." तो हसला. मी पण हसले. मग हत्यारं एकेक करून परत पिशवीत भरली.

दवाखान्याची खोली लहान. अर्ध्या भिंतीपर्यंत हिरवा रंग, वर पांढरा. एक मागे कलणारी खुर्ची, हात धुवायचं भांडं, कोपऱ्यात वजनकाटा. वजनकाट्याकडे मी सारखी बघत होते, म्हणून पहारेकऱ्यानं आपणहून माहिती पुरवली. फाशीच्या कैद्याचं वजन नेमानं करून ठेवतात. दोरी किती सोडायची ते त्यावरून काढतात. त्यानं हे बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. मग वर म्हणाला, "आता तुमचे दात आले की वजन वाढणार, पुन्हा सगळं करा." डॉक्टरीणबाईंनी त्याला कैदी आणायला पिटाळलं.

मग त्याला आणलं. भिंगरी, मी त्याला ओळखलं नाही. दात गेले की चेहरा खाली बसतो, हे मी रोज बघते, तरी ओळखलं नाही. गालफडं आत गेलेली, मान बारीक, हाताला सतत खाजवायची सवय. आणि त्यानंही मला ओळखलं नाही. मी मुद्दाम मास्क खाली ओढला. सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पहारेकऱ्याला विचारलं, "आज चहा आहे का?" मी याला इतकी वर्षं रोज उठता-बसता शिव्या घालते, आणि याच्या लेखी मी कुणीच नाही. तिथेच त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला.

तो काही सुधारलेला, पश्चात्तापानं उजळलेला वगैरे नव्हता. तसं असतं तर तुला सांगायला बरं पडलं असतं. तो कुरकुरत होता. सूप पाणचट असतं म्हणे. शेजारच्या कोठडीतला घोरतो म्हणे. मी कवळी त्याच्या तोंडात बसवली. निळा कागद दातांमध्ये धरून चावायला सांगितलं. जिथे दात टेकतो तिथे त्या कागदाची निळी खूण उठते. काढून बघितलं तर सगळे दात कोरे, आणि त्या एका दाढेवर गडद ठिपका. डॉक्टरीणबाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. माझे कान तापले.

तेवढ्यात तो म्हणाला, "माझंच तोंड वाकडं आहे, बाई. लहानपणी जबडा मोडला होता. तुमची चूक नाही. उगाच खेप पडली तुम्हाला."

मी कवळी परत हातात घेतली. सुरी तापवली, मेण सैल केलं, दाढ खाली बसवली. पुन्हा निळा कागद. या वेळी सगळीकडे सारख्या फिकट खुणा. "आता बसलं," तो म्हणाला. त्याचा जबडा अगदी सरळ आहे, मला साच्यावरूनच माहीत होतं.

यानंतर उच्चार तपासतात. स नीट उमटतो की शीळ वाजते ते बघायला साठीनंतरचे आकडे मोजायला लावतात. तो मोजू लागला. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. आधी अडखळत, मग स्वच्छ. आणि माझ्या डोक्यात एकदम आग लागली. माझ्या ताईला चाळिशी बघता आली नाही. तू तिच्या साडीला धरून उभी राहायचीस एवढीच होतीस. आणि हा इथे माझ्यासमोर बसून, मी केलेल्या दातांनी सत्तरीकडे निघालाय! मी सुरी खाली ठेवली. सत्तर झाल्यावर डॉक्टरीणबाई "पुरे" म्हणाल्या. तो थांबलाच नाही. एकाहत्तर, बाहत्तर, त्र्याहत्तर. बोलता येतंय म्हणून खूश झाला होता. शेवटी पहारेकरी ओरडला, "ए, बस झालं!" तेव्हा तो गप्प झाला आणि हात खाजवायला लागला.

आणि मला वाटलं, कशाला थांबवलं? मोजू दे. इथेच, या हिरव्या भिंतींच्या आत बसून एकेक मोजू दे, संपेपर्यंत. पण ते मोजणं आपण मध्येच तोडायला नको.

हे मला का वाटलं, ते मी तुला नीट पटवून देऊ शकणार नाही. तू वादात हुशार, मी आधीच हरलेली. तू म्हणशील, त्याला दया आली होती का? नव्हती. तू म्हणशील, त्यानं ठरवून केलं, कोर्टात सिद्ध झालंय. झालंय. पण ठरवून करणं कसं असतं, ते मला आता माझ्या टेबलावर कळलंय. चांगला उजेड लागतो, शांत हात लागतो, समोरचा काही करू शकत नाही हे माहीत असावं लागतं. नंतर भूक लागते. त्या वजनकाट्यावर कुणीतरी त्याला उभं करणार, चष्मा लावून आकडा वाचणार, दोरी मोजणार, आणि तो माणूस मग घरी जाऊन जेवणार. माझ्या सहीच्या जोरावर. मी नुसती केसभर दाढ उंच ठेवली, तरी त्या दिवशीच्या डब्याची चव अजून जिभेवरून जात नाही. हे मला जमणार नाही, बाळा. मी तेवढ्या बळकट मनाची नाही.

परत येताना गाडीत मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. तो कोण, मी कोण, आणि दाढेचंही. त्यांनी दाढेचं पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाल्या, "त्याचं काम यापुढे तुमच्याकडे येणार नाही. ही कवळी मात्र तुम्हीच पक्की करा." मी केली. गेल्या बुधवारी गेली. नीट बसली म्हणे.

मी त्याला माफ केलेलं नाही, उगाच गैरसमज करून घेऊ नकोस. करणारही नाही. कुणी येऊन मला क्षमेवर दोन शब्द सांगायला लागलं तर मी त्याच्या तोंडात ओलं प्लास्टर भरीन. मला तो मरेपर्यंत आत हवा आहे. चांगल्या वागणुकीची सूट नाही, वय झालं म्हणून दया नाही. तू फोनवर म्हणालीस ना, "जन्मठेप म्हणजे काय गं मावशी, काही वर्षांनी सोडून देतील, आई मात्र यायची नाही." मी समितीच्या कचेरीत जाऊन विचारून आले. कधीच न सुटण्याची शिक्षा देता येते. मी शुक्रवारी तेवढंच मागणार आहे, ठणकावून. पण उद्या कायदा बदलला तर? कुणी सही करून त्याला सोडलं तर? तुझ्या बाजूचं हे म्हणणं खरं आहे आणि ते माझ्या मानेवर बसलेलं आहे.

आता ज्यासाठी इतकी पानं खर्ची घातली ते लिहिते.

तुझी आई गेली त्या वर्षी तू झोपायचीच नाहीस. दाराला कडी लावली का, हे मला पुन्हा पुन्हा उठवून बघायला लावायचीस. एकदा तू विचारलंस, "तो इथे येईल का?" मी म्हटलं, "नाही येणार. त्याला फाशी देणार आहेत. मावशीचा शब्द." तू म्हणालीस, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." आणि तू झोपलीस. मग रोज तेच. नक्की? नक्की. त्या एका शब्दावर तू शाळेत गेलीस, वसतिगृहात राहायला गेलीस, अनोळखी गावात एकटी राहायला शिकलीस. तुला मी दुसरं काही दिलं नाही गं. आई देता आली नाही, बाबांना धरून ठेवता आलं नाही. एक शब्द दिला होता, आणि आज तोच परत मागतेय. म्हणून नळाबद्दल बोलत होते.

निवेदन सोबत परत पाठवते आहे. माझ्या सहीची जागा कोरी आहे. माझं नाव खोडून ते तुझ्या एकटीचं म्हणून दे, त्यात काही कमी पडत नाही. तुझ्या आईबद्दल जे लिहिलंयस ते समितीसमोर मोठ्यानं वाच. आवाज कापला तर कापू दे, पण शेवटपर्यंत वाच. त्यांनी तुझं ऐकावं, असं माझ्यातल्या अर्ध्या बाईला अजूनही वाटतं.

मी शुक्रवारी सकाळच्या गाडीनं येईन. समितीवाले आपल्याला एकेकीला आत बोलावणार आहेत, त्यामुळे तुझ्यासमोर मला ते म्हणावं लागणार नाही. पण ते तुला आधी माझ्याकडून कळायला हवं होतं, दुसऱ्या कुणाकडून नको. मी बाहेरच्या बाकावर बसलेली असेन. माझ्या शेजारी बसायला नको वाटलं तर समोर बस. बोलू नकोस. नको वाटलं तर घरीही येऊ नकोस. मात्र ताप अंगावर काढू नकोस आणि राग गिळून टाकू नकोस. राग माझ्यावर काढ. त्याच्यावर काढायला तो तुझ्या हाताशी कधीच नव्हता. मी आहे.

आणि कधी अपरात्री भीती वाटून जाग आली, तर मला फोन कर. भांडण चालू असलं तरी कर. आता "नक्की" म्हणता येणार नाही मला. पण उजाडेपर्यंत मी फोन ठेवणार नाही.

तुला दिलेला शब्द मोडणारी,
तुझी मावशी